नागपूरचे घर आणि उन्हाळा : मातीच्या भिंतीपासून ए. सी.पर्यंत

— एक इतिहास-शिक्षक, बी. ए., बी. एड., मनीषनगर, नागपूर

इतिहास म्हटला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहांच्या तारखा उभ्या राहतात. घराची भिंत किती जाड असावी, छपरावर कशाचा थर द्यावा, सकाळी दार किती वाजता लावून घ्यावे, या गोष्टींनाही इतिहास असतो असे सांगितले तर ते हसतात. खरे सांगायचे तर मलाही हे फारसे कधी सुचले नव्हते. मी या विषयाकडे वळलो तो एखादा ग्रंथ वाचून नव्हे, तर विजेचे एक बिल हातात पडल्यावर.

आम्ही मनीषनगरात चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. धाकटी बहीण त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणार होती. ही परीक्षा मे महिन्याच्या आरंभी येते, म्हणजे अभ्यासाचे शेवटचे सहा आठवडे नेमके नागपूरच्या भाजणाऱ्या उन्हात जातात. दुपारी तिच्या खोलीतला पलंग, टेबल, इतकेच काय पण पुस्तकांचे पुठ्ठेही हाताला गरम लागत. अब्बांनी निवृत्तीच्या पैशातून ए. सी. घेऊन दिला. महिन्याने बिल आले ते आधीच्या महिन्याच्या अडीचपट, आणि खोली तरीही दुपारी तीननंतर थंड होईना. मेकॅनिक दोनदा येऊन गेला. यंत्रात दोष नव्हता. त्याच आठवड्यात मोमिनपुऱ्याहून नानी आल्या. खोलीत थोडा वेळ बसल्या, खिडकीकडे पाहिले, दाराखाली पाहिले आणि म्हणाल्या, "ये घर है कि छलनी?"

नानींच्या त्या प्रश्नाने मी चार-सहा महिने जुन्या घरांची, जुन्या यंत्रांची आणि थोड्या विज्ञानाची माहिती गोळा करीत हिंडलो. जे हाती लागले ते पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

नागपूर शहर वसवले ते देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी, इ. स. १७०२ च्या सुमारास. पुढे भोसल्यांच्या राजवटीत ते राजधानीचे शहर झाले. महाल, इतवारी, हंसापुरी, मोमिनपुरा या जुन्या वस्त्या आजही पायी हिंडून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. गल्ल्या अरुंद आहेत, आणि त्यामुळे दिवसाच्या बहुतेक वेळी एका घराची सावली समोरच्या घराच्या भिंतीवर पडते. आज आपण या गल्ल्यांना नावे ठेवतो, आणि आग लागली तर बंब आत जात नाही हे खरेच आहे. पण भिंतीवर ऊनच पडले नाही तर ते आत शिरणार कोठून? उन्हाविरुद्धचा पहिला बंदोबस्त असा घराच्या बाहेरच होत असे.

दुसरा बंदोबस्त भिंतीचा. नानींचे जुने घर मी लहानपणी पाहिले आहे. मातीची भिंत दीड-दोन फूट जाड, वर कवेलूचे छप्पर, कवेलूंखाली लाकडी माळा आणि त्यावर मातीचा थर. खिडक्या लहान आणि मोजक्या. जाड मातीची भिंत उष्णता अडवते असे आपण म्हणतो, पण तसे म्हणणे पुरतेसे बरोबर नाही. माती उष्णता अडवण्यापेक्षा ती पिऊन ठेवते. दुपारचे ऊन भिंतीत हळूहळू मुरत जाते आणि आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते, दारे उघडी असतात आणि माणसे अंगणात बाजेवर निजलेली असतात. म्हणजे उष्णता घरात येते, पण तिची वेळ चुकते. कवेलूंची गोष्ट निराळी. त्यांच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निसटून जाते, आणि खाली मातीचा माळा असल्यामुळे तापलेल्या कवेलूंची धग माणसांपर्यंत येत नाही. दोन थरांच्या मध्ये कोंडलेली हवा हेच त्या घरातले खरे इन्सुलेशन होते, जरी हा शब्द तेथे कोणी ऐकलेला नव्हता.

तिसरा बंदोबस्त वेळापत्रकाचा, आणि तो घरातल्या बायकांच्या हाती असे. नानी सांगतात की सकाळी नऊ वाजले की दार-खिडक्या लावल्या जात. दाराच्या फटीला चिंधी, खिडकीवर ओले पोते. दुपारी कोणी उगाच दार उघडले की मार बसे. मगरिबनंतर सर्व दारे उघडायची, अंगणात पाणी शिंपायचे. नवतपा लागला, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात आला आणि ते नऊ दिवस सुरू झाले, की नऊचे आठ होत. विज्ञानाच्या पुस्तकात आज ज्याला फटी बुजवणे आणि रात्रीचे वायुवीजन म्हणून शिकवतात, ते सर्व यात आहे. फक्त ते घड्याळ्याने नव्हे तर उन्हाच्या तिरपीने चाले.

या घरांचे कौतुक करताना मी वाहवत जाऊ इच्छित नाही. दर वर्षी पावसाआधी कवेलू फेरावे लागत, भिंतीला विंचू असत, आणि चुलीचा धूर त्याच बंद खोलीत कोंडे. ज्या बायका दार लावून घर थंड राखीत त्यांच्याच डोळ्यांत तो धूर जाई.

मोमिनपुऱ्याच्या घरांना आणखी एक कारण होते, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हा मोहल्ला विणकरांचा. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमिन विणकरांनी नागपूर-कामठीत माग उभे केले. त्यांचा माग जमिनीत खड्डा खणून त्यावर बसवलेला असे, आणि विणकर पाय खड्ड्यात सोडून बसे. हवा कोरडी झाली की सुती धागा ठिसूळ होतो आणि पटापट तुटतो. जमिनीलगतची हवा गार आणि दमट राहते, शिवाय खोली बंद ठेवली तर ती ओल टिकते. तेव्हा विणकराच्या घराला बाहेरची लू आत घेणे परवडणारेच नव्हते. अंगाला लागणारी झळ माणूस सोसून घेतो, पण धागा सोसत नाही, आणि धागा तुटला की दिवसाची मजुरी तुटते. घर बंद राखणे हा तेथे आरामाचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर पुढे गिरणीत आली. जमशेटजी टाटांनी नागपुरात काढलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीला हे नाव. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत टिकावे म्हणून या गिरणीने हवेत ओल सोडणारी यंत्रे बसवली. आग विझवणारे पाण्याचे फवारेही तेथे लवकर आले. गिरणी बंद होऊन आता बरीच वर्षे झाली, पण नागपुरात हवा मुद्दाम दमट आणि गार राखण्याचा मोठा यांत्रिक प्रयोग झाला तो माणसांसाठी नव्हे, सुतासाठी, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ओलीने गारवा आणण्याची युक्ती मात्र गिरणीहून फार जुनी. तिचे मुख्य साधन म्हणजे वाळा, ज्याला आपण उर्दू-हिंदीत खस म्हणतो. या गवताच्या मुळ्या सुगंधी असतात आणि पाणी धरून ठेवतात. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त खसच्या खोल्यांचे वर्णन आहे. बांबूच्या चौकटीवर खसच्या मुळ्या बसवून बाहेरून पाणी शिंपडीत आणि आत उन्हाळ्यात हिवाळ्याचे सुख मिळे. अकबरासाठी पिण्याचे पाणी सोऱ्याने थंड करीत असत, तेही त्याच ग्रंथात आले आहे. पाण्याची वाफ होताना ते आपल्या भोवतीची उष्णता ओढून घेते, हे खसचे तत्त्व. माठातले पाणी गार होते तेही याच तत्त्वाने.

आपल्या महाराष्ट्रातच याचे एक देखणे उदाहरण आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगराकडील झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून ते उंचावरून हौदात सोडले आणि त्याच्या जोरावर धान्य दळण्याची चक्की फिरवली. शाळेच्या सहली चक्की पाहून परत फिरतात. पण त्या मोठ्या हौदाच्या खाली खांबांवर उभे असलेले एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. डोक्यावर सतत वाहते पाणी असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात ते दालन गार राहते आणि यात्रेकरू तेथे विसावत. घरात येणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा छतातून येतो हे ज्याने ते दालन बांधले त्याला पक्के ठाऊक होते. आमच्या इमारतीच्या बांधकामात ते कोणाला ठाऊक असावे असे वाटत नाही.

१८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. गोऱ्या अधिकाऱ्यांनी सिव्हिल लाइन्समध्ये उंच छताचे, रुंद व्हरांड्याचे बंगले बांधले, आणि तरीही उन्हाळ्यात सरकार पचमढीला जाई. जे मागे राहत त्यांच्यासाठी दारा-खिडक्यांना खसच्या ताट्या, छताला लोंबणारा कापडी पंखा, आणि काही ठिकाणी थर्मँटिडोट नावाची एक पेटी असे. या पेटीला बाजूंनी ओल्या ताट्या आणि आत हाताने फिरवायचा पंखा. आजच्या कूलरचा हा सख्खा पणजोबा म्हणावा लागेल, फक्त त्याला वीज नव्हती. पंखा ओढणारा माणूस व्हरांड्यात उकाड्यात बसे, ताट्यांवर पाणी मारणारा भिस्ती उन्हात उभा राही आणि साहेब आत गारव्यात निजे. गारव्याची किंमत तेव्हाही कोणीतरी मोजत होते. ती बिलावर दिसत नव्हती, इतकेच.

विजेच्या पंख्याने त्या माणसांची सुटका केली, आणि लगोलग सिमेंटच्या स्लॅबने घर तापवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर गावोगाव पक्के घर म्हणजे स्लॅबचे घर हे समीकरण रूढ झाले. त्यात चूक काही नव्हते. स्लॅब गळत नाही, त्यावर आणखी एक मजला चढवता येतो, विंचू पडत नाही. पण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारी तापतो आणि तीन-चार तासांतच ती धग खाली सोडू लागतो. मातीच्या भिंतीने जी वेळ चुकवली होती ती स्लॅबने पुन्हा साधली. संध्याकाळी घरी आलेला माणूस आणि अभ्यासाला बसलेले मूल नेमके त्या धगीखाली सापडतात.

येथे थोडे गणित सांगतो; विज्ञानाच्या सरांनी ते तपासून दिले आहे. उष्णता रोखण्याच्या बाबतीत पाच सेंटीमीटर थर्मोकोल सुमारे दोन मीटर जाडीच्या काँक्रीटइतके काम करते, आणि विटांची भिंत घेतली तर सुमारे एक मीटर जाडीच्या भिंतीइतके. थर्मोकोलमध्ये आहे तरी काय? जवळजवळ सारी हवाच, बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली. लोकर, कापूस, गवत, लाकडाचा भुसा हे सारे याच कारणाने उष्णता रोखतात. कोंडलेली हवा उष्णता अडवते आणि फटीतून वाहणारी हवा ती वाहून आणते. हा एवढा फरक विद्यार्थ्यांना कळला तर पुढचे सर्व कळेल.

स्लॅबच्या घरांत नागपूरकरांनी शोधलेला उपाय म्हणजे कूलर. कूलरशिवाय नागपूरचा उन्हाळा आजही पुरा होत नाही. मार्चमध्ये गच्चीवरून किंवा जिन्याखालून तो काढायचा, गंजलेल्या टाकीला रंग द्यायचा, ताट्या बदलायच्या, टुल्लू पंप तपासायचा, आणि खिडकीचे एक दार काढून तेथे त्याचे तोंड बसवायचे. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर फारच थोड्या विजेवर दहा-बारा अंशांचा फरक पाडतो. मुंबईच्या पाहुण्यांना हे खरे वाटत नाही, कारण तेथील दमट हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही. आपल्याकडेही पहिला पाऊस पडला की कूलर निरुपयोगी होतो आणि अंगाला चिकचिक सुटते.

पण कूलरची एक अट आहे, आणि या लेखाचा कणा ती अट आहे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती दुसऱ्या बाजूने बाहेर जायलाच हवी. म्हणून कूलरच्या घरात समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी लागते. घराला फटी असल्या तर त्या कूलरला उपकारकच ठरतात. तीसेक वर्षे आपण अशी घरे बांधली आणि वापरली, ज्यांच्या फटींकडे पाहण्याचे कारणच उरले नव्हते. नानींच्या पिढीची दार लावण्याची शिस्त या काळात गेली. कोणी आळशी झाले म्हणून नव्हे. कूलरला दार उघडेच लागत होते.

ए. सी.ची अट नेमकी उलट. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या इंजिनिअरने एका छापखान्यासाठी हे तंत्र बसवले, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई हलत असे. म्हणजे सुतासारखेच, येथेही आधी सोय झाली ती मालाची. ए. सी.च्या खोलीत बाहेरची हवा जितकी शिरेल तितके त्याचे काम वाया. आणि आम्ही मनीषनगरात, बेसा रोडवर, वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंच्या ले-आउटमध्ये काय केले? कूलरसाठी बनलेल्या घरात ए. सी. आणून टांगला. यंत्र बदलले, घर तेच राहिले.

नानी गेल्यावर मी एक साधा प्रयोग केला. संध्याकाळी बाहेर वारा असताना पंखा बंद करून उदबत्ती पेटवली आणि ती खोलीत दारे-खिडक्यांच्या कडेने फिरवली. धूर जेथे हलतो तेथे फट. जुन्या कूलरच्या जागी खिडकीला पुठ्ठा ठोकला होता, तेथे धूर सरळ आत वळला. सरकत्या खिडकीच्या दोन काचांमध्ये, ए. सी.ची नळी भिंतीतून जाते त्या भोकाभोवती, बाथरूमच्या काचपट्ट्यांपाशी तोच प्रकार. आणि दाराखाली एक सेंटीमीटर फट होती. ही फट आपल्याला काहीच वाटत नाही. पण दार नव्वद सेंटीमीटर रुंद असेल तर ती नव्वद चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे भिंतीला साडेनऊ सेंटीमीटर लांबी-रुंदीचे चौकोनी भगदाड पाडल्यासारखे. भिंतीला असे भगदाड असते तर आपण रात्री झोपलो असतो का?

दाराखाली ब्रशची पट्टी, खिडकीला रबराची पट्टी, नळीच्या भोकाला लांबी, पुठ्ठ्याच्या जागी खिडकीचे मूळ दार, बाथरूमचे दार लावून घेण्याची सवय. सामानाचा खर्च काही शेकड्यांत आटोपला, आणि काम एका रविवारी मी आणि बहिणीने मिळून केले. खोली त्याच दिवशी लवकर थंड होऊ लागली. पण छत तापतच होते.

येथे थोडे जगाकडे पाहावे. १९७३ साली खनिज तेलाचे संकट आले, भाव भडकले, आणि थंड देशांच्या प्रथमच ध्यानात आले की आपण घरे गरम करण्यासाठी जाळतो त्यातील बरीच उष्णता भिंती-छपरांतून आणि फटींतून बाहेर जाते. अमेरिकेत १९७६ साली गरीब कुटुंबांच्या घरांच्या फटी बुजवून देण्याची आणि त्यांना उष्णतारोधक थर घालून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. कॅनडातील रेजायना येथे १९७७ साली असे एक घर बांधले गेले की ज्याला नेहमीची भट्टी लागत नसे. स्वीडनमध्ये त्याच दशकात पंखा लावून घरातील फटी मोजण्याची पद्धत निघाली. माझ्या उदबत्तीची ती मोठी बहीण. जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९१ साली पूर्ण झालेल्या घरांनी ही विद्या शिगेला नेली.

त्यांचे सर्व आपण उचलावे असे मात्र नाही. तेथे उष्णता आत राखायची आहे, आपल्याला बाहेर. तेथील घर वर्षातील बहुतेक महिने बंद असते; आपल्याला जुलै ते फेब्रुवारी खिडकी उघडी हवी. इराणातील यज्द शहराचे वारा पकडणारे मनोरे, किंवा इजिप्तचे वास्तुशिल्पी हसन फतही यांनी न्यू गुर्ना गावी १९४०च्या दशकात मातीच्या विटांनी बांधलेली घरे आपल्याला अधिक जवळची आहेत. आपल्या देशातही नियम झाले आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर केली. जाहीर झाली तेव्हा ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी होती आणि राज्यांनी स्वीकारल्यावर लागू होणारी होती. छतातून किती उष्णता यावी याची तीत मर्यादा आहे, आणि उघडा स्लॅब या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. त्याच संहितेत खिडक्यांचा उघडणारा भाग निदान किती असावा हेही आहे. तेव्हा सरकारी कागदातदेखील बंद आणि उघडे या दोहोंचा हिशेब एकत्रच ठेवलेला आहे, नानींच्या घड्याळासारखा. ए. सी. विकत घेताना तो २४ अंशांवरच सुरू होतो, हा नियम १ जानेवारी २०२० पासूनचा.

छतासाठी आपल्याकडे जुने उपाय आहेत. सरकारी बांधकामात स्लॅबवर मातीचा जाड थर देऊन वर विटांच्या फरशा बसवण्याची रीत होती. पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या फरशांचा थर, ज्याला चायना मोझॅक म्हणतात, तो पाणीही रोखतो आणि ऊनही परतवतो. आणि सर्वांत स्वस्त म्हणजे चुना. पांढरे छत उन्हाचा मोठा भाग आकाशाकडे परत पाठवते. एकमजली घरात आतील तापमान दोन ते पाच अंश उतरल्याचे अनुभव ठिकठिकाणचे आहेत. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये अशा गार छपरांचे स्वतंत्र धोरणच काढले. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि शहरभर खळबळ उडाली; ते यंत्राच्या बिघाडामुळे होते, असा खुलासा हवामान खात्याने केला. पण त्या दोन दिवसांत अनेकांचा त्या आकड्यावर सहज विश्वास बसला, यातच आपल्या उन्हाळ्याची ओळख आहे.

ज्यांच्याकडे ए. सी. नाही त्यांच्यासाठी तर छत हाच सारा प्रश्न आहे. आमच्या वर्गातील कितीतरी मुले टिनाच्या छपराखाली राहतात. टिन दुपारी तव्यासारखे तापते आणि त्याची धग सरळ डोक्यावर उतरते. तेथे वरून चुना, आणि आतून टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटईचे दुसरे छत, एवढे केले तरी अभ्यासाला बसवते. मोमिनपुऱ्याचा मातीचा माळा हेच करीत होता. मात्र उघडे थर्मोकोल कोणी चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीत लावू नये. ते झपाट्याने पेटते आणि त्याचा धूर विषारी असतो.

आणखी एक सावधगिरी पालकांनी घ्यावी. फटी बुजवायच्या त्या निजायच्या आणि अभ्यासाच्या खोलीच्या. गॅसचा गिझर असलेल्या बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या, झरोके कधीही बंद करू नयेत. तेथे कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस कळण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. पावसाळ्यात बंद खोलीत ओल धरते आणि भिंतीला बुरशी येते, म्हणून मृग लागला की पट्ट्या असल्या तरी खिडक्या उघडाव्यात.

आमच्या इमारतीत गच्चीचा प्रश्न सोसायटीच्या सभेत निघाला तेव्हा खरी अडचण कळली. गच्ची सर्वांची, पण तिची धग फक्त वरच्या मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांची. तळमजल्यावरील एका बुजुर्ग सद्गृहस्थांनी विचारले की आमच्या घरी उकडत नाही, मग आम्ही वर्गणी का द्यावी? प्रश्न वाजवी होता आणि मला चटकन उत्तर सुचले नाही. जुन्या घराचे छप्पर एका कुटुंबाचे असे. फ्लॅटचे छप्पर कोणाचे, हे अजून आपण पुरते ठरवलेले नाही. शेवटी असे ठरले की चायना मोझॅकचा विचार पुढे गच्चीची गळती दुरुस्त करताना करावा, कारण गळतीचा खर्च सर्वांनाच द्यावा लागतो, आणि तोवर चुना आम्ही दोन बिऱ्हाडांनी आपल्या पैशाने लावावा.

पट्ट्यांच्याच आठवड्यात चुन्याचे दोन हात दिले. पुढच्या महिन्याचे बिल साधारण चौथ्या हिश्शाने उतरले. महावितरणच्या दरपत्रकात युनिटे वाढली की वरच्या टप्प्याचा दर लागतो, तो टप्पा आम्ही चुकवला, हाही त्यात एक भाग. बहिणीने शेवटचे तीन आठवडे दुपारची झोप न मोडता आणि डोके न दुखता अभ्यास केला. पहिल्या प्रयत्नात तिला प्रवेश मिळाला नाही. ती या वर्षी पुन्हा बसणार आहे.

पावसाने चुना धुऊन गेला आहे. नव्या चुन्याच्या दोन गोण्या जिन्याखाली आणून ठेवल्या आहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहा वाजता, ऊन चढण्यापूर्वी, आठवीची चार मुले ब्रश घेऊन गच्चीवर येणार आहेत. नंतर ती आपापल्या घरच्या टिनांवर चुना लावणार आहेत, आणि त्यासाठी लागणारी उंच शिडी तळमजल्यावरील त्याच बुजुर्गांनी देऊ केली आहे.